धवल्यामागे वाजणारी गिटार

गिटार बनवून घ्यायला आलेल्या माणसाला माझा पहिला प्रश्न असतो, "वाजवणार कुठे?" लाकूड कुठलं, रंग कुठला, हे सगळं नंतर. माणसं गोंधळतात. एकाने सांगितलं, "बेडरूममध्ये, मॅडम." मी विचारलं, "मग भिंतीपलीकडे कोण राहतं?" तो चिडून निघून गेला आणि आठवड्याभराने गुपचूप परत आला. भिंतीपलीकडे त्याचे सासरे राहत होते.

पनवेलच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत, आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर माझा गाळा आहे. इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप गुंडाळणं हे माझं काम. लाकूडकाम एक सुतार करून देतो, पोटातलं सगळं मी बघते. साठी उलटलेली, साडी नेसणारी बाई हे काम करते म्हटल्यावर नवीन गिऱ्हाईक आधी माझ्या मागे कोणी पुरुष उभा आहे का, हे बघतं. मागे फक्त भिंत आहे. तिच्यावर तांब्याच्या तारेची रिळं टांगली आहेत.

त्याआधी बरीच वर्षं मी एका कारखान्यात रिलेच्या, म्हणजे विजेवर आपोआप पडणाऱ्या खटक्यांच्या, कॉइली गुंडाळत होते. आमच्या विभागात सगळ्या बायकाच. केसापेक्षा बारीक तार न तोडता गुंडाळायला बायकांचा हात लागतो, असं साहेब म्हणायचे आणि पगार मात्र पुरुषांना जास्त द्यायचे. त्या कॉइली कुठल्या तरी लोखंडी पेट्यांमध्ये आजही खटक-खटक करत असतील. इतकं गुंडाळलं, पण त्यातलं काही कोणाच्या कानावर पडलं नाही, याची मला खंत होती. कारखाना बंद झाला तेव्हा बायका रडल्या. मी एक जुनं गुंडाळायचं यंत्र भंगाराच्या भावात उचलून घरी आणलं. दिनकर, म्हणजे आमचे हे, तेव्हा बँकेत होते. ते म्हणाले, "आता घरात काय गुंडाळणार?" मी म्हटलं, "तुम्हाला सोडून काहीही."

पहिली गिऱ्हाइकं आली ती उरणकडच्या गावांमधल्या बेंजो पार्ट्यांची. हळदीच्या रात्री बेंजो जोरात वाजायला हवा, तर त्याच्या तारांखाली पिकअप लागतो. बेंजोवरून गिटारकडे वळायला मला फारसा वेळ लागला नाही. तार ती तार.

पिकअप म्हणजे काय, ते सांगते, अवघड नाही. इलेक्ट्रिक गिटार पोकळ नसते, त्यामुळे ती नुसती वाजवली तर शेजारच्या खुर्चीवरच्या माणसालासुद्धा धड ऐकू येत नाही. म्हणून पोलादी तारांच्या खाली लोहचुंबक ठेवायचे आणि त्यांच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे गुंडाळायचे. वर तार थरथरली की खाली वेढ्यांमध्ये अगदी किंचित वीज तयार होते. ती अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गेली की मोठी होऊन बाहेर येते. वेढे जास्त दिले तर आवाज दांडगा आणि जाड येतो, पण त्याची धार मरते. वेढे कमी दिले तर आवाज बारीक, स्वच्छ, तांब्याच्या भांड्यावर चमचा वाजवावा तसा येतो. एकच कॉइल असेल तर मांडवातल्या दिव्यांची आणि जनरेटरची गुणगुणही त्यात शिरते. दोन कॉइली उलटसुलट जोडल्या की ती गुणगुण आपसात मिटते. एवढंच शास्त्र. बाकी सगळा कानाचा आणि हट्टाचा मामला.

हट्ट गिऱ्हाइकाचा. शंभरातल्या नव्वदांना दांडगा आवाज हवा असतो. उरलेल्यांना परदेशातल्या कुठल्या तरी गिटारसारखा हवा असतो, तोही मोबाईलवर ऐकलेला. खांदा कॉलनीतला एक संगणकवाला तर स्वतःचं मीटर घेऊनच आला. कॉइलच्या रोधाचा इंटरनेटवर वाचलेला आकडा त्याला हवा होता. आकडा तोच आला पाहिजे, आवाज कसा का येईना. त्याआधी मी त्याला कमी वेढ्यांची एक जोडी करून दिली होती. मला फार आवडलेली. त्याने ती परत केली. म्हणाला, "यात जीव नाही." ती डब्यात पडून राहिली.

तर रोशन. रोशन उरण रस्त्यावरच्या एका गावातला. घरची शेती गेली, त्या जागी ट्रेलर आले, ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात चालतात. पैसा आहे, गळ्यात चेन आहे आणि बोटांत खरोखर गिटार आहे. आत्तापर्यंत तो आयती गिटार वाजवायचा. या खेपेला त्याला स्वतःची हवी होती, कारण त्याच्या धाकट्या बहिणीचं, मयूरीचं लग्न ठरलं होतं.

"वाजवणार कुठे?" मी विचारलं.

"मयूच्या हलदीला, काकू. आत्या धवला गानार, मी मागे वाजवनार. गावात असा कुनी केलेला नाय."

धवला म्हणजे आगरी लग्नातली बायकांची गाणी. ती गाणारी धवलारीण लग्नात भटजीच्या बरोबरीने मानाची. रोशनची आत्या, चांगुणाबाई, त्या गावातली शेवटची धवलारीण. हळद लागताना ती एकेकाला नाव घेऊन मांडवात बोलावते, आधी देवांना, मग वेशीवरच्यांना, मग घरातल्या गेलेल्या माणसांना. रोशन आणि मयूरीची आई, वनिता, मुलं लहान असतानाच गेली. चांगुणाबाईंनीच दोघांना वाढवलं. मयूरीच्या हळदीला वनिताला बोलवायचं, ही गोष्ट त्यांनी बरीच वर्षं मनात धरली होती. पण आता हळदीला डीजे असतो. मागच्या काही लग्नांत आत्यांनी तोंड उघडलं आणि समोरून भिंतीएवढे स्पीकर सुरू झाले. कुणाला बोलावलं, कुणालाच कळलं नाही. रोशनला वाटलं, आपण गिटार धरली तर पोरं थांबून ऐकतील.

हे सगळं ऐकून मी त्याला सांगितलं, की बाबा, कमी वेढ्यांचा पिकअप घे. त्याने एका फटक्यात मोडीत काढलं. "काकू, एकदम फाडू पायजे. लोक ऐकायला पायजेत ना!" गाळ्यात एकटा बसून त्याने माझ्याकडचा सगळ्यात दांडगा पिकअप वाजवून बघितला. गल्लीतला कुत्रा उठून गेला. रोशन खूश. एकट्याने वाजवला तर तो पिकअप खरंच छान वाटतो, हीच तर त्याची लबाडी आहे. सांगणं माझं काम होतं, पसंती त्याची. बसवून दिला.

मयूरीच्या आधी त्यांच्या चुलतभावाची हळद होती. रोशनने तिथे रंगीत तालीम केली. दोन दिवसांनी तो गाळ्यात आला तो चेहरा पाडून. आत्या दोन ओळी गायल्या आणि मधेच थांबून खाली बसल्या. शेजारच्या बायकांना म्हणाल्या, "पोरांना वाजवू द्या." रोशन तल्लीन होऊन वाजवत राहिला. आत्या गात नाहीत हे त्याला व्हिडिओ बघताना कळलं.

"माइक भंगार होता," तो म्हणाला.

"आत्या काय म्हणाल्या?"

तो गिटारच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. "बोलली, मयूच्या हलदीला ही वस्तू आनलीस तर मी नाय गानार. आनि नाय आनली तर डीजे हायच. म्हंजे आईला बोलवनारच नाय कुनी."

मी म्हटलं, "आत्याला इथे घेऊन ये. त्या गातील, तू वाजव, मी पिकअप बदलत जाईन. गिटार एकटीच वाजवून पसंत करायची चूक पुन्हा नको."

माझ्याकडे एक नागडी गिटार आहे. तिला पाठीकडून खिडकी कापलेली आहे. तारा न सोडवता खालून एक पिकअप काढायचा, दुसरा सरकवायचा, चिमटे लावायचे, झालं. दर वेळी तारा उतरवत बसलं तर आधीचा आवाज कान विसरतो.

चांगुणाबाई दुपारी रिक्षाने आल्या. ठेंगण्या, काटक, नऊवारी घट्ट कसलेली. गाळ्यात शिरून त्यांनी रिळांकडे, यंत्राकडे आणि माझ्याकडे नीट बघून घेतलं. मी चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर मी म्हटलं, "आत्या, म्हणा आता एखादा धवला."

"असा कसा म्हनू?" त्यांनी कप खाली ठेवला. "धवला कुठं बी म्हनत नाय. पाट नाय, हलद नाय, नवरी नाय. कुनाला बोलवू? ह्या तारंला?"

रोशन म्हणाला, "आत्या, फक्त टेस्टिंग हाय."

"बोलावनं टेस्टिंगला करतान कं रं? येनारं मानूस आलं मंग?"

मी म्हटलं, नुसती चाल गुणगुणा. त्या नाही म्हणाल्या. दुसरं कुठलं गाणं? तेही नाही. आम्ही तिघंही आपापल्या जागी अडून बसलो. मग त्यांनी एकदम मला विचारलं, "तुज्या हलदीला कोन गायलेली?"

"कोणी नाही, आत्या. आमचं कोर्टात लग्न झालं. घरच्यांना जात पसंत नव्हती. हळदच लागली नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हंजे तुजी हलद बाकी हाय."

"अहो, आता? या वयात?"

"बाकी ती बाकी. नवरा हाय ना? बोलव त्याला. पाट आन."

मी हसले, पण त्या हसत नव्हत्या. मी दिनकरना फोन केला, देवघरातला पाट आणि हळदीची बरणी घेऊन खाली या म्हणून. ते बनियनवरच आले. त्यांना वाटलं मला कुठे तरी कापलं. मग चांगुणाबाईंनी त्यांना दंडाला धरून उलट्या क्रेटवर बसवलं. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस, पण हातातली बरणी त्याने लगेच उघडून पुढे धरली. मला पाटावर बसवलं. गालांना, हातांना, पायांना हळद लावली. त्यांचे हात खरखरीत होते, दाब मात्र अलगद.

"आय कोन तुजी?"

"सुमती. नाही आता ती."

"तवा आलती कं लग्नाला?"

"नाही. रागावली होती."

"मंग बोलवू," त्या म्हणाल्या आणि गायला लागल्या.

रोशनने दांडगा पिकअप लावूनच सुरुवात केली. आत्यांचा आवाज उंच, किंचित कापरा, पण पक्का. देव झाले, वेशीवरचे झाले, आणि मग माझ्या आईची पाळी आली. मी कान टवकारून बसले होते, कामासाठी. आणि मला ऐकू आलं ते नुसतं "उ", "अ" आणि "ई". "सुमती"मधला स गेला, म गेला, त गेला. गिटारच्या जाड आवाजाने सगळी कडा खाऊन टाकली आणि मधला गर तेवढा ठेवला. माझी आई अर्धीच आली.

इतकी वर्षं मी आवाज मीटरवर आणि कानावर तपासले. त्या दिवशी पहिल्यांदा राग आला, अगदी खरा राग, स्वतः गुंडाळलेल्या पिकअपचा. मी उठायला गेले तशी चांगुणाबाईंनी गाता गाताच माझा खांदा दाबला. नवरीने पाट सोडायचा नाही. आणि बोलावणं मधेच तोडायचं नाही, पाहुणी येईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायचं, हीच त्यांची रीत. मी रोशनला खूण केली. तो गिटार घेऊन माझ्यापुढे गुडघ्यावर बसला. हळदीच्या हातांनी मी मागची खिडकी उघडली, दांडगा काढला, दुसरा घातला. आत्यांनी पुन्हा बोलावलं. म ऐकू आला, बाकी नाही. तिसरा रोशनने स्वतः मागवून बरोबर आणलेला परदेशी. तो जनरेटर नसतानाही गुणगुणला. चौथा बेंजोचा, त्याने तर आईला हुसकावूनच लावलं. दिनकर बरणी धरून बसले होते. त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण कोणाला बोलावताहेत ते कळत होतं.

डब्यात शेवटी उरली ती परत आलेली, कमी वेढ्यांची जोडी. दोन अशक्त कॉइली, उलटसुलट जोडलेल्या. ती मी गिटारच्या गळ्याच्या बाजूला सरकवली, तारांपासून चांगली खाली. रोशनने हलकी तार छेडली. चांगुणाबाई म्हणाल्या, "ये गो सुमती, लेक पाटावर बसलीय, मांडवी ये."

सगळं नाव आलं. स आला, म आला, त तर असा आला की मी दचकले. गिटार होती, पण गाण्याच्या खाली सतरंजी घालावी तशी. मी रडले. दिनकरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या बनियनला हळद लागली. आई हयात असताना आमचा अबोला कधी पूर्ण सुटला नाही, आणि या बाईने तिला तीन शब्दांत घरी आणून बसवलं.

गाणं संपल्यावर आधी बोलला रोशन. "काकू, ह्याच्यात जीवच नाय. एवढ्या लोकांत मी दिसनारच नाय." तो खोटं बोलत नव्हता. मित्रांसमोर एकदा तरी हात दाखवावा, असं त्याला वाटत होतं, आणि त्यात काही वाईट नाही. मी तरी त्याला दोष देणार नाही.

चांगुणाबाई पदराला हात पुसत होत्या. "तू कोनासाठी वाजवतस?"

गिटार मांडीवर घेऊन त्याच जोडीवर त्याने ती चाल पुन्हा एकदा वाजवली, अगदी हळू. मग म्हणाला, "हीच लावा."

मी मात्र ती जोडी लावली नाही. तशीच, पण आणखी थोडे वेढे कमी करून, नवीन गुंडाळली. चांगुणाबाईंचा आवाज डोक्यात होता तोपर्यंत यंत्रावरून उठायचं नाही असं ठरवलं होतं. तार आत हलू नये म्हणून मेणात बुडवली, बसवली, उंची ठरवली आणि उंचीच्या स्क्रूंवर लाखेचा एकेक थेंब टाकला, म्हणजे लग्नाच्या उत्साहात आवाज वाढवायला कोणी ती तारांजवळ वर करायला नको. रोशनने ते बघितलं आणि हसला. "विश्वास नाय ना?"

"तुझ्यावर आहे. तुझ्या मित्रांवर नाही."

हळदीला आम्ही दोघं गेलो. मांडवाच्या एका टोकाला डीजेचे स्पीकर कापड घालून उभे होते. धवला होईपर्यंत हात लावायचा नाही, असं रोशनने दमात घेऊन सांगितलं होतं. मी जेवणाच्या ओळीकडे न जाता थेट साउंडवाल्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. तो म्हणाला, "मावशी, गिटारचा आवाज लय कमी हाय. वाढवू?"

"हात लावलास तर बोट मोडेन," मी म्हटलं. त्याने हात मांडीवर ठेवला.

रोशन स्टेजवर बसला नाही. बायकांच्या मागे, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. मित्रांनी दोनदा हाका मारल्या, त्याने बघितलं नाही. मयूरी पाटावर होती, तोंड पिवळं, हात मांडीत. चांगुणाबाई आणि आणखी दोघी म्हाताऱ्या गायला लागल्या. सुरुवातीला गोंगाट होता. पोरं मोबाईल बघत होती, कोणी तरी थम्सअप मागत होतं. देव आले, वेशीवरचे आले. हळूहळू बायका गप्प झाल्या, कारण शब्द कळत होते. गिटार वाजते आहे हे तोपर्यंत बहुतेकांच्या ध्यानातही नव्हतं. माझ्या होतं.

"ये गो वनिता," आत्या म्हणाल्या.

नाव पूर्ण आलं. शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं. मागे ताटं मांडणारा एक माणूस होता, तो ताट हातात धरून थांबला. रोशनचा हात थांबला, आणि गिटार बंद पडली हे कोणाला कळलंसुद्धा नाही, आत्या गातच होत्या. "ये गो वनिता, लेक पाटावर बसलीय, मांडवी ये."

मयूरीने मान वर केली नाही. ती पाटावर जराशी सरकली आणि आपल्या शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा तिने केली.